स्लोवाले मिस्त्री

गाडी घेऊन पहिल्यांदा त्यांच्या गॅरेजात गेले, तेव्हा त्या माणसाने मला ‘या’ म्हटलं नाही, ‘बसा’ म्हटलं नाही. हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, “माझ्या हातून एक माणूस गेलाय. ह्याच कामात. स्लोचा स्क्रू चुकीचा फिरवला होता. तरी गाडी ठेवायची का बघा.”

आता मला सांगा, धंदा उघडून बसलेला माणूस असं बोलतो का कधी? भाजीवाला म्हणतो का, ताई, माझी वांगी किडकी आहेत म्हणून? मी त्या दिवशी आधीच वैतागलेली. आमच्या ह्यांची कंबर गेल्यापासून पाण्याचे टँकर मीच बघत होते, आणि त्यातला जुना टँकर सकाळपासून धाप लागल्यासारखं करत होता. हेंद्रेपाड्यातल्या सोसायटीवाल्यांचे फोनावर फोन. मी म्हटलं, “मिस्त्री, गेला त्याचं वाईट झालं. पण माझा टँकर जगणार का, तेवढं सांगा.”

ते मग मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, “गाडी आत घ्या, वहिनी.”

गॅरेजात स्लो म्हणतात ते असं. गाडी उभी आहे, पायाखालची रेस सोडून दिलीय, तरी इंजिन आपलं आपण ज्या चालीने चालत राहतं, ती चाल. ती नीट असली की कानाला कळतही नाही. बिघडली की मेली कधी वर चढते, कधी खाली पडते, कधी नाक्यावर उभ्या उभ्या जीव सोडते. जुन्या ट्रकचं हे ठरलेलं दुखणं, आणि आमच्याकडे जुना ट्रक शेवटी टँकरच होतो. लांबचा माल ओढायची ताकद संपली की पाठीवर टाकी बसवायची आणि बदलापूर-अंबरनाथच्या इमारतींना पाणी घालत फिरायचं. माणसाला म्हातारपणी वॉचमनची नोकरी लागते ना, तसंच.

माझ्या टँकरचं दुखणं सगळ्यांनी मला आधीच सांगून झालं होतं. उल्हासनगरातल्या पार्टवाल्या शेठने तर गाडीचं तोंडही न बघता निकाल दिला होता, “साईं, डिझेल का पंप गया. नया डालो.” त्याच्याकडे गेलं की प्रत्येकाचा पंप गेलेलाच असतो.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं नाही. आधी स्वतःच्या चपला काढल्या. देवळाबाहेर काढाव्यात तशा, नीट शेजारी शेजारी. अनवाणी केबिनमध्ये चढले, वाकले आणि रेसच्या पेडलखाली हात घालून चाचपत राहिले. पोराचा चेंडू खाटेखाली गेल्यावर चाचपतात तसे. तिथे काही नव्हतं. तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला आणि समोरच्या टपरीवर ओरडले, “एक चहा!”

मला वाटलं पाहुणचार असेल. कसलं काय! चहाचा ग्लास आला तो त्यांनी चालू इंजिनाच्या कव्हरवर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून बघत उभे राहिले. चहा थरथरला, शांत झाला, परत थरथरला आणि काठावरून सांडला. “हवा पितेय,” ते म्हणाले. मग बोटावर ग्रीस घेतलं आणि डिझेलच्या पाइपाचा एकेक जोड लिंपत सुटले. एक जोड लिंपायचा, थांबायचं, ऐकायचं. पुढचा लिंपायचा. टाकीकडच्या एका जोडाला ग्रीस लागलं आणि माझा टँकर असा गप्प झाला, जसं रडतं पोर पाजायला घेतल्यावर होतं. पाइपाला बारीक चीर होती. तिथून हवा आत जात होती, पंपाचा काडीचा दोष नव्हता. मिस्त्रींनी चहाचा ग्लास उचलला. वर साय आलेली, थंडगार. एका दमात प्यायले.

“आधी फुकटचं बघायचं, मग विकतचं,” म्हणाले. “तार बघा, स्प्रिंग बघा, हवा बघा. पंप सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात.”

तेव्हापासून माझी गाडी दुसऱ्या कोणाच्या हाताला लागली नाही. बुवापाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याचं गॅरेज, त्याच्या मागे दोन खोल्यांचं घर. बायको लवकर गेलेली, माणूस एकटा. सगळे त्यांना ‘स्लोवाले मिस्त्री’ म्हणायचे. क्लच घेऊन या, ब्रेक घेऊन या, तेही करायचे, पण मन लावून नव्हे. कोणी म्हणालं की गाडीचं स्लो वरखाली होतंय, की तोंडावर तेज यायचं.

बोलायचे थोडं, पण जे बोलायचे ते सगळं स्लोवरच येऊन थांबायचं. “पळताना सगळ्याच गाड्या शहाण्या असतात वहिनी, उभी असताना कशी वागते ते बघायचं.” माझ्या मुलीला स्थळ आलं होतं तेव्हा मी सहज म्हटलं, मुलगा चांगला वाटतोय, कंपनीत आहे, बोलतो छान. तर म्हणतात, “त्याला अर्धा दिवस नुसता बसवून ठेवा. काही काम देऊ नका, मोबाइल देऊ नका. मग सांगा कसा आहे.” मी म्हटलं, “मिस्त्री, जावई बघतेय की डिझेलचं इंजिन?” पण खोटं कशाला बोलू, मी बसवून ठेवलं त्याला. जेवायला मुद्दाम उशीर केला. पोरगा बिचारा शांतपणे आमच्या ह्यांच्या कमरेला तेल चोळत बसला. आज माझी मुलगी सुखात आहे.

आणि एक खोड होती, त्यावरून अख्ख्या रस्त्यावर त्यांची थट्टा व्हायची. टँकरचं पाणी वर चढवायचा पंप इंजिनावरच चालतो, म्हणून पाणी सोडताना रेस वाढवून ठेवावी लागते. त्यासाठी हाताची रेस असते, तार ओढून ठेवायची असते. पण जुन्या गाड्यांत ती तार कधीच तुटलेली. ड्रायव्हरला तर मागे जाऊन पाइप धरायचा असतो. मग आमचे ड्रायव्हर काय करतात? पायातली चप्पल काढतात, नाहीतर जुन्या चपलेचा तुकडा घेतात आणि रेसच्या पेडलला पाचर मारून ठेवतात. इंजिन घूं घूं करत बसतं आणि हे मागे निवांत. सगळेच करतात. इकडचा एक टँकर दाखवा ज्यात चपलेचा तुकडा लोळत नाही.

मिस्त्रींना तो तुकडा सापडला की संपलं. ड्रायव्हरला शिवी नाही, आरडाओरडा नाही. “चपला काढ,” एवढंच. त्याच्या पायातल्या दोन्ही चपला काढून घ्यायचे आणि त्याला अनवाणी घरी पाठवायचे. एप्रिल असो, मे असो. डांबरावर नाचत नाचत जाणारे ड्रायव्हर मी ह्या डोळ्यांनी बघितलेत. वर गाडीला हाताच्या रेसची नवी तार स्वतःच्या पदरच्या पैशाने घालून द्यायचे. कोणी म्हणायचं, म्हातारा सटकलाय. पण काम असं चोख, की शिव्या देत देत परत त्यांच्याकडेच यायचे.

आणि दर नव्या गिऱ्हाइकाला आधी तेच वाक्य, “माझ्या हातून एक माणूस गेलाय.”

तो माणूस कोण, हे काही लपलेलं नव्हतं. ते स्वतःच सांगायचे. त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. मिस्त्रींचा मुलगा घरचा टँकर चालवायचा आणि हा चुलतभाऊ त्याच्याबरोबर असायचा. दोघं एका ताटात वाढलेले. बुवापाड्यात एका चढावर पाणी सोडून झालं, इंजिन बंद करून दोघं वडापाव खाऊन आले. चुलतभाऊ पुढच्या चाकाखालचा दगड काढायला वाकला, मिस्त्रींच्या मुलाने गाडी चालू केली, इंजिन एकदम किंचाळलं. पोराचा दचकून क्लचवरचा पाय सुटला. गिअरमध्ये असलेल्या गाडीने पुढे उडी घेतली.

मिस्त्री सगळ्यांना सांगायचे, “सकाळी मीच स्लो चढवून ठेवलं होतं. घाईत होतो, ज्यादा फिरवलं. पोराची काही चूक नाही.” पोलिसांना तेच सांगितलं, भावालाही तेच. भाऊ शेजारच्याच घरात, मध्ये एक भिंत. त्या दिवसापासून भावाने बोलणं टाकलं. भावजय तर हे दिसले की दार लावून घ्यायची. आणि स्वतःचा मुलगा? तो ‘तुमच्यामुळे गेला माझा दादा’ म्हणून वापीला निघून गेला, तिथल्याच एका कंपनीत लागला. फोन उचलायचा नाही.

“बरोबर आहे त्याचं,” मिस्त्री म्हणायचे. “रागावणारच.”

मला ह्या गोष्टीचा संताप यायचा. नुसतं दुःख असतं तर मी समजले असते. पण मुलगा रागावलाय हे सांगताना ह्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी बरं वाटल्यासारखं दिसायचं. तापलेल्या पोराने दोन घास खाल्ले की आईला वाटतं ना, तसं. मी म्हणायची, “जा ना वापीला, धरा त्याला, बोला.” तर म्हणायचे, “कशाला? नोकरी करतोय, लग्न झालंय, बरं चाललंय.”

तो घरचा टँकर गॅरेजच्या मागे चिंचेखाली उभा होता. विकला नाही. दर रविवारी सकाळी ते त्याला चालू करायचे, चहाचा ग्लास ठेवायचे आणि समोर बसून राहायचे. मी एकदा बघितलं, चहावर सुरकुतीसुद्धा नव्हती. “मिस्त्री, अशी सायीसारखी चाललेली गाडी मी बघितली नाही. हिचं काय बिघडलं होतं हो?”

“नंतर नीट केली,” ते म्हणाले आणि ग्लास उचलून आत गेले.

माझ्या जिभेला हाड नाही, हे बदलापूर गावापासून उल्हासनगरापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तीच जीभ मला त्या गोष्टीपर्यंत घेऊन गेली. माझ्या ड्रायव्हरच्याच गाडीत मिस्त्रींना चपलेचा तुकडा सापडला. हाताच्या रेसची तार घालून दिलेली, तरी त्या गाढवाने जुन्या सवयीने पाचर मारलेली. मिस्त्रींनी तो तुकडा बाहेर काढला आणि तसेच केबिनच्या पायरीवर बसले. ड्रायव्हरने न सांगताच चपला काढून ठेवल्या आणि निघाला.

मी चिडले. माझा ड्रायव्हर, माझी गाडी, सोसायटीवाले माझ्या नावाने बोंबलतायत आणि हे चपलेचं सुतक धरून बसलेत. मी म्हटलं, “पुरे झालं आता, मिस्त्री! एवढं काय त्या चपलेचं? तुमचा माणूस स्क्रूने गेला ना? मग स्क्रूला घाबरा. स्क्रू तर तुम्ही खुशाल फिरवता, आणि जीव सगळा चपलेवर!”

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते. त्यांनी वर बघितलं. मी आयुष्यात पुष्कळ माणसं रडताना बघितलीत, पण ते रडले नाहीत. मला वाटलं, देवा, जमीन फाटावी.

“तो चढ गॅरेजपासून लांब नव्हता,” ते म्हणाले. “ओरडा ऐकला आणि पळालो. सगळे पुढच्या चाकापाशी होते. मी केबिनमध्ये चढलो, इंजिन बंद करायला. पेडलखाली त्याच्या चपलेचा तुकडा होता. निळा. काढायचा राहिला होता.”

मी खाली बसले. तिथेच, ऑइलच्या डागांवर, चांगली साडी घालून.

“खिशात घातला. गॅरेजात आणून चिंध्यांबरोबर जाळला. संध्याकाळी पोरगा मला विचारतो, पप्पा, मी चप्पल काढली होती ना? मला आठवत नाही, काढली होती ना? त्याचे डोळे बघितले वहिनी मी. नाही म्हटलं असतं तर सकाळपर्यंत तोही राहिला नसता. म्हटलं, काढली होतीस, मी स्वतः बघितलं. स्लो मी चढवलं होतं.” हातातला तुकडा त्यांनी पायरीवर ठेवला. “मग तो मला मारायला धावला. तेव्हा मला कळलं, हा जगणार.”

म्हणून ते वाक्य. म्हणून दर गिऱ्हाइकाला, दर ड्रायव्हरला, न विचारता. कोणाच्याही मनात दुसरं काही यायला नको. ह्या रस्त्यावरचे ट्रक वापीपर्यंत जातात, बोलणं कुठून कुठे पोचेल सांगता येत नाही. पोचलंच तर हेच पोचावं.

“आणि मला सांगितलंत?” मी म्हटलं. “माझं तोंड माहीत असून?”

“कोणालातरी सांगायचं होतं एकदा. आणि तुम्ही इतकं बोलता, की तुमचं कोणी खरं धरत नाही,” ते म्हणाले आणि खरंच हसले. मलाही हसू आलं, रडता रडता. त्यानंतर त्या विषयावर आम्ही एक अक्षर बोललो नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत पाणी झालं. मी डबा घेऊन जायची. बरं होण्यातलं दुखणं नाही हे त्यांना कळलं होतं आणि मलाही. मी म्हटलं, “मुलाला बोलावते.” ते एकदम उठून बसायला लागले. “नको. तो आला तर रडेल. तो रडला तर मी बोलून जाईन. इतकी वर्षं धरून ठेवलंय वहिनी, शेवटी सांडायला नको.” मला हात जोडले त्यांनी. तापाने नुसते फणफणत होते.

मी बोलावलं नाही. बापाला भेटायचा मुलाचा हक्क, मुलाला बघायचा बापाचा हक्क, मला सगळं कळतं. पण तो माणूस हात जोडून बसला होता, मी काय करणार? त्यांच्या खोलीतून निघायची आणि टँकरमध्ये बसून पदर तोंडात घालून रडायची. ते गेल्यावर मग फोन केला.

मुलगा आला. बापासारखीच मिशी, खाली बघून चालायची तीच सवय. त्याने सगळं केलं, जसं करायचं तसं, पण डोळ्यांतून टिपूस नाही. थोरले भाऊ गल्लीच्या तोंडापर्यंत आले, काठी टेकून उभे राहिले आणि परत फिरले. दहाव्याला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, “बघा, मागे काही राहिलं नाही त्यांचं.” लोकांना बोलायला काय जातंय.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला टँकर न्यायला येणार होता. मी गॅरेजात गेले तर मुलगा चिंचेखाली त्या गाडीसमोर उभा. मला बघून म्हणाला, “काकी, एकदा चालू करून बघतो. मग जाऊ दे.” त्याने चपला काढल्या, बाहेर नीट शेजारी शेजारी ठेवल्या आणि वर चढला. चढल्या चढल्या वाकला आणि पेडलखाली हात घातला. चाचपून बघितलं. त्याचं त्यालाच ते कळलं असावं, कारण माझ्याकडे न बघताच म्हणाला, “मी चप्पल काढली होती. पप्पांनी बघितलं होतं.”

“हो,” मी म्हटलं. “मलाही सांगायचे.”

त्याने किल्ली फिरवली. बाप अंथरुणाला खिळल्यापासून ती गाडी बंदच होती, तरी दोन झटक्यांत लागली आणि शांत चालायला लागली. इतकी शांत, की चिंचेवरचे पक्षीही उडाले नाहीत. तो खाली उतरला. इंजिनाच्या कव्हरवर तळहात ठेवून किती वेळ उभा राहिला कोण जाणे. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि इतक्या दिवसांत आलं नव्हतं ते पाणी डोळ्यांत आलं.

“बघितलंत काकी? येत होतं ना त्यांना? सगळं येत होतं. लोकांच्या गाड्या नीट करायचे. तेव्हा माझी एकदाच अशी सेट केली असती, तर आज दादा असता. मी त्यांच्याशी बोललो असतो. मला बोलायचं होतं त्यांच्याशी.”

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. निळा तुकडा, चिंध्या, जोडलेले हात, सगळं. आयुष्यभर जे मनात आलं ते बोलले मी. नवऱ्याला बोलले, सोसायटीवाल्यांना बोलले, पोलिसांनाही बोलले. त्या दिवशी मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“हो रे बाळा,” मी म्हटलं. “चुकलंच त्यांचं.”